धरहरा आणि नाव

पंचगंगा घाटावरच्या आलमगीर मशिदीला पूर्वी दोन उंच मनोरे होते. बनारसी लोक त्यांना माधोरायाचा धरहरा म्हणत. काशी पाहायला येणाऱ्या परगावच्या, परदेशच्या प्रवाशांना त्यांतल्या एका मनोऱ्यावर चढायची मोठी हौस असे. मनोऱ्याच्या पोटात अरुंद जिना, वर पोचलं की पायाखाली अख्खी काशी आणि गंगेचं ते उत्तरेकडे घेतलेलं वळण. 1896 साली मार्क ट्वेन बनारसला आला तेव्हा तोही इथे चढला होता. वर माकडं कशा उड्या मारत होती आणि ती पाहून काळजाचा कसा ठोका चुकत होता, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. आजच्या मनोरंजन उद्यानात माणसं तिकीट काढून उंच पाळण्यात बसतात ती ज्या सुखासाठी, तेच सुख या धरहऱ्यावर मिळत होतं. उंची, थोडी भीती आणि सगळं जग एकदम दिसल्याचा आनंद.

म्हातारं झालेलं असं साधन दुरुस्त कसं करावं, आणि दुरुस्त केल्यावर ते कुणी सांभाळावं, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी पंचगंगा घाटासारखी जागा नाही. इथे माणसांना आनंद देणारं एक साधन दुरुस्त होऊनही पडलं, आणि दुसरं, म्हणजे घाटाखालची नाव, पिढ्यान् पिढ्या दुरुस्त होत आजही चालतं आहे. त्या नावेच्या पोटात आता नवं इंजिन आलं आहे.

आधी धरहऱ्याचं सांगतो. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या इथे मिळतात अशी श्रद्धा, म्हणून हा पंचगंगा. घाटाच्या माथ्यावर बिंदुमाधवाचं भव्य देऊळ होतं. 1665 मध्ये ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या काशीत आला, त्याने ते पाहिलं आणि त्याचं बारकाईने वर्णन केलं. पुढच्या काही वर्षांतच औरंगजेबाच्या कारकिर्दीत ते पाडलं गेलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. बिंदुमाधव आज शेजारच्या साध्या इमारतीत आहे. ते देऊळ आपल्या सातारा भागातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. हे औंधकर पुढे या लेखात वेगळ्याच निमित्ताने भेटणार आहेत.

मनोऱ्यांची मापं जेम्स प्रिन्सेपने नोंदवली आहेत. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तोच हा प्रिन्सेप. 1820 ते 1830 अशी दहा वर्षं तो बनारसच्या टांकसाळीत होता. काम धातूचा कस पाहण्याचं, पण हात सगळीकडे. शहरातलं साचलेलं पाणी काढायला त्याने जमिनीखालून कमानदार भुयार नेलं, कर्मनाशेवर दगडी पूल बांधला, शहराची माणसं आणि घरं मोजली, आणि बनारसची चित्रं काढून छापली. त्याच्या नोंदीप्रमाणे मशिदीच्या फरशीपासून कळसापर्यंत मनोरा 147 फुटांचा. पायाशी त्याचा व्यास मात्र सव्वाआठ फूट आणि वर जाता जाता साडेसात. म्हणजे जाडीच्या जवळजवळ अठरा पट उंची, त्यात आतून जिना पोखरलेला. शिवाय ही फरशीच मुळी नदीच्या उन्हाळी पाण्यापासून सुमारे 80 फूट उंचावर. प्रिन्सेपच्या काळात हे मनोरे कोसळायच्या बेतात आले होते आणि त्यांना सावरण्याच्या कामात त्याचा हात होता.

ते काम चांगलंच झालं असणार, कारण त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं मनोरे उभे राहिले. पण ते ओळंब्यात नव्हते. माथा पंधरा इंच कलला आहे, असं प्रवाशांच्या मार्गदर्शिका सांगत आणि लोक तरीही चढत. 1948 च्या पुरात एक मनोरा कोसळला, काही माणसं गेली. दुसरा सरकारने धोका नको म्हणून उतरवला. आज मशिदीवर ते नाहीत. मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

काशीचा हा काठ मोठा अवघड. शहर उभं आहे कंकराच्या उंच दरडीवर आणि नदीची खोल धार शहराच्याच बाजूने वाहते. पावसाळ्यात पाणी दहा-बारा मीटर चढतं. 1978 च्या सप्टेंबरात ते समुद्रसपाटीपासून 73.901 मीटरपर्यंत गेलं होतं, तर धोक्याची खूण आहे 71.262 वर. पूर चढताना दरडीची माती पाणी पिते, ओसरताना तेच पाणी मातीला बाहेर ढकलत निघतं आणि वरचं ओझं खाली सरकू पाहतं. पंचगंगेच्या थोडं वर शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तिथे एकोणिसाव्या शतकात इतकं अवजड बांधकाम काढलं की ते स्वतःच्याच भाराने खचलं. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही तिरकं उभं आहे. अशा काठावरच्या बांधकामाला एकदा केलेली दुरुस्ती पुरत नाही. दर पुरानंतर कुणीतरी पायाशी जाऊन भेग पाहायची, मोजायची, भरायची, असा रतीब लागतो. प्रिन्सेप 1830 मध्ये कलकत्त्याला गेला आणि 1840 मध्ये वारला. मनोऱ्यावर चढून पोट भरणारी, त्याची वीट न् वीट ओळखणारी अशी जात घाटावर कधी तयारच झाली नाही. माझ्या मते धरहरा गेला तो या कारणाने.

धरहरा गेल्यावर काशी एकदम डोळ्यात भरेल अशी जागा उरली ती नदीच. आज बहुतेक यात्रेकरू काशी बघतात ती नावेतून. दशाश्वमेधावरून नाव उत्तरेकडे निघाली की मणिकर्णिकेपुढे मराठी माणसाला आपल्याच गावची आळी लागल्यासारखं होतं. शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, गणेश घाट, राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेरच्या राजाचा घाट, बालाजी घाट आणि मग पंचगंगा. पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, जिथे दक्षिणी ब्राह्मणांची बिऱ्हाडं पिढ्यान् पिढ्या नांदली. पंचगंगेवर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला हजारा दिसतो, लाल दगडाची हजार दिव्यांची दीपमाळ. कार्तिक पौर्णिमेला ती पेटते. आज देवदिवाळीला सगळे घाट उजळतात त्या उत्सवाची आधुनिक सुरुवात 1980 च्या दशकात याच घाटावरून झाली.

या सफरीचं साधन म्हणजे मल्लाहांची नाव. निषाद, माझी, मल्लाह अशा नावांनी ओळखला जाणारा समाज ती चालवतो. लहान नाव, मोठा दुमजली बजरा, आकार कुठलाही असो, जुनी नाव लाकडाची. बहुधा साखूची, म्हणजे आपल्या सालवृक्षाची. नाव पालथी घातलेली पाहिली की ती कशी जगते ते कळतं. तळाच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि सुतळी पटाशीने ठोकून बसवलेली असते. त्यावर तापवलेल्या डांबराचा हात. जिथे लाकूड झिजलं तिथे पत्र्याचं ठिगळ, कडेने रांगेत मारलेले खिळे. मिस्त्री बोटाच्या पेराने फळी ठोकत जातो. ठणठणीत आवाज आला तर पुढे, भद्द आवाज आला की फळी आतून कुजली, ती बदलायची. अशा रीतीने चाळीस वर्षांच्या नावेत मूळच्या किती फळ्या उरल्या हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही, आणि तरी ती आजोबांचीच नाव असते. पुराच्या दिवसांत प्रशासन नावा बंद करतं, धंदा बसतो. कमाई नसते त्याच दिवसांत डागडुजीचा खर्च अंगावर येतो. तरी तो चुकवला जात नाही, कारण त्या नावेत मालकाचा मुलगाही उभा असतो.

ही नाव घडली वल्ह्यांसाठी. दोन माणसं डांड मारायची, मागे एक जण पतवार धरायचा. गेल्या काही दशकांत तिच्यात डिझेलचं इंजिन बसलं. बहुतेक ठिकाणी हे एका सिलिंडरचं, शेतात विहिरीवर पाणी खेचणारं असतं तसलंच इंजिन. मराठी वाचकाला ते नव्याने सांगायला नको. हँडल मारून चालू करायचं, ठकठक आवाज आणि काळा धूर, हे आपल्या दोन पिढ्यांनी बांधावर ऐकलं-पाहिलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा 1910 मध्ये कुंडलच्या माळावर त्यांना जमीन दिली ती औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. तिथे किर्लोस्करवाडी झाली. पुढे 1946 मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि डिझेल इंजिन देशातल्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं. पंचगंगेवर बिंदुमाधवाचं देऊळ बांधणाऱ्या घराण्याने दोन शतकांच्या आत यंत्रयुगालाही जागा करून दिली, याचा मला मराठी म्हणून अभिमान वाटतो.

पण विहिरीवरचं इंजिन नावेत घातलं की ते नावेचं काही गोष्टींत नुकसान करतं. शेतात ते सिमेंटच्या चौथऱ्याला बोल्टने आवळलेलं असतं, त्याची थरथर जमीन पिऊन टाकते. नावेत ती थरथर सरळ फळ्यांच्या सांध्यात जाते. कापूस सैल पडतो, पाणी झिरपू लागतं. इंजिनातून गळलेलं तेल तळाशी साचतं आणि तळाचं पाणी उपसलं की तेच गंगेत जातं. धूर बसणाऱ्याच्या तोंडावर येतो. काठाला लागून ठकठक करत शे-दीडशे नावा संध्याकाळच्या आरतीला जमल्या की मंत्र ऐकू येत नाहीत. खरं तर रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा हा पट्टा 1989 पासून कासवांचं अभयारण्य होता. पंचगंगा घाट त्याच पट्ट्यात येतो. अभयारण्याचा तो दर्जा 2020 मध्ये काढून घेण्यात आला.

त्यानंतर नावांच्या इंजिनबदलाचं काम निघालं. गेल इंडिया या सरकारी कंपनीच्या सामाजिक निधीतून वाराणसीच्या नावा सीएनजीवर न्यायच्या, अशी ही योजना 2021 पासून राबवली गेली. सुमारे 1,700 नावा आणि 29 कोटींच्या आसपास खर्च, असा आराखडा जाहीर झाला. लहान नावेला दीड लाखाच्या घरात, मोठ्या बजऱ्याला अडीच लाखांच्या घरात खर्च येतो, तो नावाड्याकडून घ्यायचा नाही. त्याने जुनं डिझेल इंजिन जमा करायचं. गॅस भरण्यासाठी राजघाटाच्या पुढे खिडकिया घाटावर, म्हणजे आताच्या नमो घाटावर, तरंगतं सीएनजी केंद्र उभं राहिलं. पुराबरोबर दहा मीटर चढणाऱ्या-उतरणाऱ्या नदीत पंप काठावर पक्का बांधून चालणार नव्हता. धक्काच तरंगता, म्हणजे पाणी वर आलं की तोही वर येतो आणि गॅसची नळी लवचीक ठेवावी लागते.

या बदलात तांत्रिक कसब कुठे लागतं ते थोडं सांगायला हवं. डिझेल नुसत्या दाबाने पेट घेतं. सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन, तसा पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. म्हणून नुसती टाकी बदलून भागत नाही, इंजिनच वेगळं लागतं. ते तुलनेने गुळगुळीत चालतं आणि थरथर कमी म्हणजे फळ्यांचे सांधे जास्त टिकणार. मला या योजनेतला हा लाभ धुराइतकाच मोठा वाटतो, पण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दुसरा मुद्दा वजनाचा. गॅस दोनशे बारच्या दाबाने, म्हणजे हवेच्या दोनशे पट दाबाने भरतात. साठ लिटरचं पोलादी सिलिंडर रिकामंच साठ किलोच्या आसपास असतं आणि आत गॅस मावतो जेमतेम नऊ-दहा किलो. हे ओझं उथळ नावेत कुठे ठेवायचं यावर तिचा तोल ठरतो. एका बाजूला आलं तर नाव कलती चालते, फार मागे गेलं तर पुढचं टोक उचलतं आणि नावाड्याला समोरचं दिसत नाही. गळतीच्या बाबतीत उघडी नाव सोयीची. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. पण वर पक्कं छत घातलेल्या बजऱ्यात तो छताखाली अडकू शकतो. म्हणून सिलिंडर ठेवलेल्या जागेच्या वर हवा खेळती ठेवावी लागते.

मनोरंजन उद्यानातलं साधन आणि हे साधन यांत एक मूलभूत फरक आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 1955 पासून जंगलातल्या नदीची सफर आहे. तिथली नाव पाण्याखालच्या रुळावरून चालते, चालक सुकाणू फिरवतो ते दिसण्यापुरतं. त्यामुळे तिथे नूतनीकरण म्हणजे रूळ, नाव आणि इंजिन बदलणं, चालक कुणीही चालतो. पंचगंगेखाली रूळ नाही. धार कुठे खोल आहे, पुरानंतर वाळूचा उंचवटा कुठे सरकला, घाटाच्या कोणत्या बुरुजापाशी भोवरा पडतो, हे सगळं पतवार धरणाऱ्याच्या हातात असतं. इथे माणूसच यंत्रणेचा अर्धा भाग आहे. इंजिन बदललं आणि त्याला ते उघडता-जोडता आलं नाही, तर यंत्रणेचा हा अर्धा भाग दुबळा होतो.

आपल्या माथेरानच्या गाडीने हे दुसऱ्या बाजूने दाखवलं आहे. आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेला नेरळ-माथेरान मार्ग 1907 मध्ये सुरू झाला. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर आणि वळणांमागे वळणं. वाफेची इंजिनं 1982 पर्यंत चालली. 26 जुलै 2005 च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरले म्हणून गाडी थांबली, तेव्हा डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवूनच ती परत निघाली. 2019 च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि 22 ऑक्टोबर 2022 ला गाडी परत आली. इतक्या वेळा पडून ती उभी राहिली, कारण नेरळला तिचा कारखाना आहे. त्या छोट्या रुळांवरच हयात घालवलेले फिटर आणि गँगमन आहेत. शंभर वर्षांत मालकी, इंधन, डबे, ब्रेक सगळं बदललं, कारखाना हलला नाही.

काशीच्या नावेचा असा कारखाना म्हणजे घाटाची पायरी. फळी ठोकून पाहणारा मिस्त्री तिथेच बसतो. डिझेल इंजिनाचंही हळूहळू तसंच झालं. नोझल, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट हे कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि खोलून-जोडून नावाडी स्वतः शिकला. सीएनजीचं रेग्युलेटर, स्पार्क प्लग, गॅसचा व्हॉल्व्ह हे त्याच्या हातात अजून पुरतं बसलेलं नाही. दाबाच्या वस्तूला अर्धवट माहितीने हात लावणं जिवावर बेतू शकतं, म्हणून तो लावत नाही, हे योग्यच आहे. मग कुणी लावायचा? फुकट मिळालेल्या इंजिनाची सर्व्हिसिंग कोणाच्या खर्चाने? नाव उन्हाळ्यात, ऐन यात्रेच्या गर्दीत बंद पडली तर मिस्त्री कधी येणार? घाटावरच्या तरुण मल्लाह पोरांना गॅसच्या इंजिनाचं रीतसर प्रशिक्षण, त्याचा दाखला, आणि सुट्या भागांचं एक दुकान पंचगंगेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एवढं झालं तर ही दुरुस्ती टिकेल. 29 कोटींच्या तुलनेत त्याला लागणारा पैसा किरकोळ आहे. माझी ही मागणी मनापासूनची आहे, आणि वाराणसीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी यात्रेकरूने ती आपलीही मानावी असं वाटतं.

कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिवे चढतात. पायऱ्यांवर उंच बांबू रोवलेले, वर कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीला वेताची टोपली. संध्याकाळी टोपलीत पणती ठेवून एक जण दोरी ओढत जातो, टोपली झोके घेत वर सरकते आणि पूर्वजांच्या वाटेवर उजेड होतो. बांबू काही हंगामांत तडकतो, दोरी सडते, कप्पी गंजते, म्हणून महिना सुरू होण्याआधी सगळं तपासून नवं घालतात. घाटावर याची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. गॅसच्या नावेलाही अशीच ठरलेली तिथी हवी, आणि ती कायद्याने दिलेली आहे. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी सक्तीची आहे. आत पाणी भरून नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब द्यायचा, सिलिंडर किती फुगलं आणि दाब काढल्यावर मूळ मापावर आलं का ते पाहायचं, मग तारीख ठोकायची. 2021-22 मध्ये बसवलेल्या सिलिंडरांची पहिली चाचणी 2024-25 मध्येच यायला हवी होती, आणि पुढची 2027-28 मध्ये येईल. देवदिवाळीला पंचगंगेसमोर नावेत बसाल तेव्हा भाड्याची घासाघीस करण्याआधी नावाड्याला सिलिंडरच्या चाचणीची तारीख विचारा. ती दाखवता आली तर तो मागेल ते भाडं द्या.